पथ्य नेमके कोठे मोडते?

'औषध उत्तम होते, पण रुग्णाने पथ्य पाळले नाही,' हे वाक्य आपल्या व्यवसायात सर्रास ऐकू येते. आम्हीही ते अनेक वर्षे उच्चारीत आलो. त्यात वैद्याची सुटका असते आणि सारा दोष रुग्णाच्या माथी जातो. मात्र मानवी सवयींविषयी मानसशास्त्राने व मेंदूच्या संशोधनाने जे दाखवून दिले आहे ते पाहता, हा दोषारोप पुष्कळदा अन्यायाचा ठरतो, असे आमचे मत झाले आहे.

अम्लपित्ताचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. दिवसाकाठी आठ कप चहा. आम्ही अविपत्तिकर चूर्ण व कामदुधा लिहून दिले आणि बजावले, 'चहा आजपासून बंद.' त्यांनी आज्ञा तंतोतंत पाळली. दुसऱ्या दिवशी डोके ठणकू लागले. 'वैद्यांचे औषध उष्ण पडले' असा समज करून घेऊन त्यांनी औषध टाकले, दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या आणि चहा पुन्हा सुरू केला. महिन्याभराने ते परतले ते अम्लपित्त वाढवूनच. चूक त्यांची नव्हती, आमची होती. चहातील कॅफीन मेंदूतील ॲडेनोसिन या द्रव्याची ग्रहणस्थाने अडवून धरते आणि नित्य सेवनाने मेंदू त्या स्थितीशी जुळवून घेतो. चहा एकाएकी तोडला की १२ ते २४ तासांत डोकेदुखी व चिडचिड सुरू होऊ शकते आणि ती २ ते ९ दिवस टिकू शकते. आम्ही ज्याला मनाचा दुबळेपणा समजलो, ते शरीराचे लक्षण होते.

खेदाची बाब अशी की, याचे उत्तर आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केले होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात, सवयीचे झालेले अहित क्रमाक्रमाने, चतुर्थांशाने व मध्ये वाढते अंतर ठेवून सोडावे आणि हितकर तसेच क्रमाने स्वीकारावे, असा पादांशिक क्रम सांगितला आहे. आम्ही तो परीक्षेत लिहिला आणि चिकित्सालयात विसरलो. आठ कपांचे सहा, सहाचे चार, चाराचे दोन, एवढेच सांगावयाचे होते.

प्रश्न केवळ चहाचा नाही. वारंवार केलेली कृती हळूहळू विचाराच्या ताब्यातून निसटते आणि मेंदूच्या अंतर्भागातील 'बेसल गँग्लिया' या पेशीसमूहांच्या आधाराने आपोआप घडू लागते. मग तिला चालना देतात त्या जागा, वेळ व सोबत. अमेरिकेत डेव्हिड नील, वेंडी वूड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे बोलका आहे. चित्रपटगृहात मक्याच्या लाह्या खाण्याची पक्की सवय असलेल्या प्रेक्षकांनी आठवडाभर शिळ्या लाह्याही ताज्यांइतक्याच खाल्ल्या. त्यांना त्या आवडल्या नव्हत्या, तरी हात थांबला नाही. सभेच्या खोलीत मात्र शिळ्या लाह्यांबाबत असे घडले नाही. आपला रुग्ण चारच्या सुटीत सहकाऱ्यांबरोबर टपरीवर उभा राहतो तेव्हा वेगळे काय घडते?

नवी सवय लागण्यासही अवधी लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या अभ्यासात ९६ स्वयंसेवक होते. सवय अंगवळणी पडण्याचा काळ व्यक्तिपरत्वे १८ ते २५४ दिवस असा अंदाजला गेला. मध्यांक ६६ दिवसांचा होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात दिसले. आपण मात्र सात दिवसांच्या पुड्या देतो आणि आठव्या दिवशी रागावतो.

'हे सारे आपल्या ग्रंथांत होतेच,' असे म्हणून समाधान मानणारे वैद्यबंधू आहेत. त्यांना आमचे नम्र सांगणे असे की, चरकाचार्यांना मेंदूतील पेशीसमूह ठाऊक होते असा दावा केल्याने ग्रंथाचा गौरव होत नाही. ग्रंथातील उपदेश आचरणात आणल्याने होतो. शिवाय क्रम सर्वत्र सारखा लावता येत नाही. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने मद्य एकाएकी सोडल्यास झटके येऊन जीवावर बेतू शकते. अशा रुग्णास घरच्यांनी गुपचूप चूर्ण चारावे असा सल्ला देण्याऐवजी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविणे हेच वैद्याचे कर्तव्य होय.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. चिठ्ठीवर औषधाच्या मात्रेप्रमाणे पथ्याचाही क्रम लिहावा : काय, किती, कोणत्या दिवसापासून कमी करावयाचे आणि त्या वेळी त्याऐवजी काय घ्यावयाचे. पुढील भेटीत 'पथ्य पाळले का?' असे न विचारता 'कोणत्या वेळी चुकले, तेव्हा आपण कोठे होता, सोबत कोण होते?' असे विचारावे. औषधालयाच्या चालकांनाही विनंती आहे. वैद्याचे औषध सुरू असलेले गिऱ्हाईक डोकेदुखीची गोळी मागू लागले, तर गोळी देण्यापूर्वी 'चहा सोडलात का?' एवढे जरूर विचारावे. आमच्या त्या रुग्णास हा प्रश्न कोणीच विचारला नाही; आम्हीही नाही.