पहिले पिस्तूल कोणते?

दिवाळीत पोरांच्या हाती टिकल्यांचे पिस्तूल येते आणि त्याची निवड पाच मिनिटांत होते. खऱ्या पिस्तुलाची निवडही तितकीच सोपी असावी, असे आमच्या काही वाचकांना वाटते. मुलुंडचे एक गृहस्थ विचारतात, “घराच्या रक्षणासाठी पहिले पिस्तूल कोणते घ्यावे?” घाटकोपरच्या एक भगिनी लिहितात, “कामावरून परतायला रात्र होते. पर्समध्ये मावेल असे हलके काही मिळेल का? आणि त्याचा सराव कुठे करावा?” दोघांनाही मिळून उत्तर देतो.

आधी कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून पिस्तूल बाळगणे हा गुन्हा आहे. मुंबईत हा परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो. अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. २०१६ च्या नियमांनुसार शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याचा वैद्यकीय दाखला आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. पोलीस चौकशी होते ती वेगळीच. शिवाय आपल्याला नेमका कुणापासून धोका आहे, हे पटवून द्यावे लागते. ‘हल्ली चोऱ्या फार वाढल्यात हो!’ एवढ्याने काम भागत नाही.

समजा, परवाना मिळाला. मग निवडीला वाव किती? फारसा नाही. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. स्वसंरक्षणासाठी लोक घेतात ते बहुधा .३२ बोअरचे. त्यात दोन जाती. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचे चक्र फिरते. यंत्र साधे, समजायला सोपे. पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये बसतात. इथे नवखा माणूस हमखास फसतो : मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे झाले असे त्याला वाटते, पण एक काडतूस नळीत शिल्लक असू शकते. म्हणून नवख्याला जाणकार बहुधा रिव्हॉल्व्हर सुचवितात. मात्र जुन्या घडणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा भरल्या काडतुसावर टेकलेला असतो. जमिनीवर आपटले तर गोळी सुटू शकते. घाटकोपरच्या भगिनींनी बहुधा ‘निर्भीक’चे नाव ऐकले असेल. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये खास स्त्रियांसाठी म्हणून काढलेले हे .३२ रिव्हॉल्व्हर, वजन सुमारे ५०० ग्रॅम आणि तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात.

पण खरा प्रश्न बोअरचा किंवा वजनाचा नाही. ते शस्त्र चोवीस तास कुणाच्या ताब्यात राहणार, हा आहे. आपल्या उपनगरातलीच दोन उदाहरणे पाहा. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे जुहूला अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या, परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्या पायात शिरली. कपाटात ठेवताना ते हातून निसटले, असे तेव्हा सांगण्यात आले. घरात ना चोर होता, ना दरोडेखोर. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला बोरिवलीच्या आय. सी. कॉलनी भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा गोळ्या झाडून खून झाला; मारेकऱ्याने पाठोपाठ स्वतःलाही संपविले. ज्या पिस्तुलातून गोळ्या सुटल्या त्याचा परवाना मारेकऱ्याच्या नव्हे, त्याच्या अंगरक्षकाच्या नावाचा होता, असे पोलिसांनी सांगितले. परवाना एकाचा आणि हात दुसऱ्याचा, याचा अर्थ दुसरा काय सांगावा?

आता आपला दोन खोल्यांचा ब्लॉक डोळ्यांसमोर आणा. एक कपाट, त्याची किल्ली देवघराच्या खणात, आणि हे घरातल्या शेंडेफळालाही ठाऊक! पिस्तूल भरून उशाशी ठेवावे तर मुलांची धास्ती. नियमाप्रमाणे रिकामे करून कुलपात ठेवावे तर मध्यरात्री किल्ली शोधणार कोण? अंधारात स्वयंपाकघरात हललेली सावली चोराची की पाणी प्यायला उठलेल्या मुलाची, हे ठरवायला दोन क्षणही मिळत नाहीत. आणि प्लायवूडच्या पार्टिशनने गोळी अडत नाही.

स्वसंरक्षणाचा हक्क कायदा देतो. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे त्याचीच आहेत. पण गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. मोबाईल हिसकावून पळणाऱ्या भुरट्याच्या पाठीत गोळी घातलीत, तर आरोपीच्या पिंजऱ्यात आपण उभे राहाल.

राहिला सराव. इथे मात्र आम्ही मनापासून म्हणतो, अवश्य करा! त्यासाठी एअर पिस्तूल घ्या. .१७७, म्हणजे साडेचार मिलिमीटर छऱ्याच्या कमी शक्तीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. लक्ष्य दहा मीटरवर. मधले दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, शर्टाच्या बटणाएवढे! एका हाताने नेम धरायचा आणि स्पर्धेत सव्वा तासात साठ नेम. श्वास, नजर आणि चापावरचे बोट यांचा मेळ बसायला महिनोन् महिने लागतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले, ते अशाच चिकाटीच्या जोरावर. अंजली भागवत यांची नेमबाजी तर कीर्ती महाविद्यालयात एन.सी.सी.तून सुरू झाली. मुलगी कॉलेजात जात असेल तर तिलाही ही वाट मोकळी आहे. मात्र सराव रेंजवर, शिक्षकाच्या देखरेखीखाली करावा; गॅलरीत नव्हे. छऱ्यानेही डोळा जातो.

तिथे पहिल्याच दिवशी तीन गोष्टी अंगवळणी पाडतात : प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजायचे, नळीचे तोंड माणसाकडे करायचे नाही, आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचे नाही. वर्षभर हे पाळून पाहा. कंटाळा आला तर आपण शस्त्र सांभाळणाऱ्यांपैकी नाही, हे थोडक्यात कळले असे समजा.

तेव्हा मुलुंडच्या गृहस्थांनी पहिला खर्च मजबूत सेफ्टी डोअर, जिन्यातला दिवा आणि शेजाऱ्यांशी घरोबा यांवर करावा. घाटकोपरच्या भगिनींनी ११२ हा क्रमांक एका बोटावर ठेवावा आणि परतीच्या वाटेवर सोबत जोडावी. कुणाच्या जिवाला खरोखरच धोका असेल, तर त्याने आधी पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. परवान्याचा विचार त्यानंतर. आणि दोघांसाठीही पहिले पिस्तूल म्हणाल, तर ते छऱ्याचे!