विद्यापीठाचा वीजमीटर व आमची बांधी

धानाच्या बांधींतून मिथेन नांवाचा वायु निघतो व तो पृथ्वीची उष्णता वाढवितो, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यांतील शेतकरी बंधूंना आतां नवीन राहिलेली नाहीं. ती खरीहि आहे. साचलेल्या पाण्याखालीं चिखलास हवा मिळेनाशी झाली, म्हणजे त्यांतील सूक्ष्म जंतु काडीकचरा कुजवितांना हा वायु उत्पन्न करितात. शंभर वर्षांचा हिशेब धरिल्यास तो वजनास वजन कर्बवायूच्या सुमारें २७ पट उष्णता धरून ठेवितो. आमचा वाद या सत्याशीं नाहीं. सुधारणेचा आरंभ कोणीं करावा, एवढाच आहे.

हें ज्ञान ज्यांनीं द्यावयाचें, त्या संस्थांचीं आवारें लहान नाहींत. अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ १९६९ सालीं स्थापन झालें. नागपूरचें कृषि महाविद्यालय तर १९०६ पासूनचें असून आज तें त्याच विद्यापीठाकडे आहे. तेथील वर्ग, वसतिगृहें, प्रयोगशाळा, पंप हीं सर्व विजेवर चालतात. राज्यांतील वीज बव्हंशीं दगडी कोळशाची, आणि तो कोळसा जळतो आमच्या शेजारींहि. मौद्याचें वीजकेंद्र गोसीखुर्दच्या जलाशयांतून पाणी घेतें, तिरोड्याचें वैनगंगेवरील धापेवाडा बंधाऱ्यांतून. (१ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तिरोडा आमच्याच जिल्ह्यांत होता.) तेव्हां नागपुरास रिकाम्या खोलींत फिरणाऱ्या पंख्याशीं आमच्या नदीचा कांहींच संबंध नाहीं, असें कोणीं समजूं नये.

छताचा जुना पंखा सुमारें ७५ वॅट वीज घेतो, नव्या बी.एल.डी.सी. मोटरीचा पंखा ३० च्या आसपास. असे शंभर पंखे बदलले व ते दिवसास १० तास, वर्षांत २०० दिवस फिरले, तर ९,००० युनिटें वांचतात. कोळशाच्या केंद्रांत एका युनिटामागें जवळजवळ एक किलो कर्बवायु बाहेर पडतो व सुमारें तीन लिटर पाणी खर्चीं पडतें. म्हणजे ९ टन वायु व २७,००० लिटर पाणी. हें पाणी तलावाच्या मानानें थेंबच म्हणावयाचें. पण एका वसतिगृहाचा, कोणाचेंहि सुख न हिरावतां होणारा, हा हिशेब आहे. छपरावर सौरपट्ट्या बसविण्यास आमची हरकत नाहीं. मात्र गळक्या बोडींत पाणी भरण्यापूर्वीं पाळ दुरुस्त करावी लागते.

जो बिल भरीत नाहीं तो दिवा मालवीत नाहीं, हें खरें दुखणें आहे. तें केवळ विद्यार्थ्यांचें नव्हे. २०२४ सालीं सरकारनें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस वीज मोफत केली. तेव्हांपासून पंप बंद करण्यासाठीं रात्रीं बांधावर धांवत जाणारे किती राहिले? यास्तव प्रत्येक इमारतीस निराळा मीटर असावा व महिन्याचा आंकडा तिच्या दारावर लिहावा.

आतां धानाकडे वळूं. उपाय सांगण्यास सोपा आहे: बांधींत भोकें पाडलेली नळी रोवावी, पाणी जमिनीखालीं अर्धा फूट उतरलें कीं पुन्हां भरावें, फुलोऱ्यांत मात्र पाणी तोडूं नये. मोटारीच्या पाण्यावरील उन्हाळी धानास हें साधेल, आणि पंपाची वीजहि वांचेल. पण खरिपांत मामा तलावाच्या पाळीवर अवलंबून असणाऱ्यानें काय करावें? सोडून दिलेली पाळी पुन्हां केव्हां येईल, हें त्याच्या हातीं नसतें. बांधी भेगाळली तर नुकसान त्याचें, आणि तण माजलें तर निंदणीची मजुरीहि त्याच्याच माथीं.

हा धोका प्रथम विद्यापीठानें पत्करावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. साकोलीस त्याचें धान संशोधनाचें केंद्र आहे. तेथें तलावाच्या पाळीचेंच बंधन घालून घेऊन एका बांधींत नेहमींप्रमाणें पाणी ठेवावें, शेजारच्या बांधींत नळी रोवावी, आणि दोहोंचें पाणी, तण, मजुरी व उतारा सर्वांसमोर मांडावा. नागभीड तालुक्यांतील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांचें एच.एम.टी. धान व्याख्यानांनीं पसरलें नाहीं. शेतकऱ्यांनीं तें उभें पीक पाहिलें व बियाणें मागून नेलें.

ज्या सभासदांचीं मुलें त्या महाविद्यालयांत शिकतात, त्यांनीं ही मागणी पत्रानें करावी: येत्या उन्हाळी हंगामांत शिवारफेरीस बांधींतील नळी दाखवितांना इमारतींचे मीटरहि दाखवावे, व शेजारीं गतवर्षींचा आंकडा लिहिलेला असावा.