पाल पाळायची म्हणता?

पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ मिळतं, याचं कोष्टक पंचांगात छापणारी आपली संस्कृती. भिंतीवर पाल दिसली की घरोघरी केरसुणी शोधली जाते. आणि आता माझ्याच वयाची, माझ्यासारखीच कोड लिहून पोट भरणारी मंडळी चांगले पैसे मोजून पाल विकत घ्यायला निघालीत! माझा त्याला विरोध नाही. ज्याची त्याची आवड. भांडण वेगळंच आहे. "कुठली पाल रे?" असं विचारलं की उत्तर येतं, "ब्लू गेको." अरे बाबा, ब्लू हा रंग झाला. नाव काय? आरटीओत फॉर्मवर 'लाल गाडी' एवढंच लिहून चालतं का?

या निळ्या पालीचं शास्त्रीय नाव लायगोडॅक्टिलस विल्यम्सी. १९५२ मध्ये तिचं वर्णन झालं. शेपटीसकट जेमतेम तीन इंच. आपल्या घरातल्या पालीसारखी रात्रपाळी नाही, हिची ड्यूटी दिवसाची, म्हणून बाहुली गोल. या लायगोडॅक्टिलस कुळीची खूण म्हणजे बोटांसारखीच शेपटीच्या टोकाखालीही चिकटणारी गादी असते! आणि गंमत बघा, निळाजर्द असतो तो फक्त नर. मादी हिरवट-तपकिरी. दबलेला नरसुद्धा हिरवटच राहतो. म्हणजे रंगावरून ओळखायला गेलात की फसलात. नेमका याचाच फायदा घेऊन ही पाल दुसऱ्याच प्रजातीच्या नावाखाली देशोदेशी पाठवली गेली.

"असू दे ना, काळजी कशी घ्यायची ते नेटवर असतं." हो, असतं. पण ते कुठल्या पालीचं? लेपर्ड गेको कोरड्या, खडकाळ मुलखातली, रात्री फिरणारी, जमिनीवर राहणारी. तिचं मॅन्युअल वाचून निळीला कोरड्या आडव्या पेटीत ठेवलंत तर ती मरेल. हिला उभी पेटी लागते, चढायला बांबू आणि रुंद पानं लागतात, दिवसा यूव्हीबी दिवा लागतो. एका कोपऱ्यात तिशीच्या वरचं तापमान, रात्री थंडावा. पाणी ती पानांवरच्या थेंबांतून चाटते, म्हणून रोज फवारणी. खायला बारीक किडे, कॅल्शियमची पूड लावून. दोन नर एकत्र ठेवले की मारामारी ठरलेली. एका प्रोसेसरचा ड्रायव्हर दुसऱ्यावर टाकला तर मशीन हँग होतं, रीस्टार्ट करता येतं. इथे रीस्टार्टचं बटण नाही.

आता खरा मुद्दा. ही पाल जगात राहते कुठे? पूर्व टांझानियात, उलुगुरु डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या किंबोझाच्या जंगलात आणि आसपासच्या एखाददुसऱ्या तुकड्यात. तिथेही राहते ती एका विशिष्ट झाडावर. झाड आपल्या केवड्याच्या गोतातलं. गणपतीत आपण ज्याचं पान वाहतो त्याचा आफ्रिकेतला भाऊबंद. पकडणाऱ्यांना उंचावरची पाल हाती लागेना, मग त्यांनी झाडंच तोडली. डिसेंबर २००४ ते जुलै २००९ या काळात एकट्या एका टोळीने किमान ३२ हजार पाली पकडल्याचा अंदाज आहे. म्हणजे त्या वेळच्या संख्येच्या सुमारे १५ टक्के. घर तोडलं ते वेगळंच. २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या साइट्स परिषदेत ती परिशिष्ट एकमध्ये गेली, म्हणजे जंगलातून पकडलेल्या पालीचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद.

यावर ठरलेला युक्तिवाद: "माझी पाल ब्रीडरकडची आहे." असेल की. ही प्रजाती पेटीत अंडी घालते हे खरंच आहे, आणि कागदपत्रांसकट चांगलं काम करणारे ब्रीडरही आहेत. मग कागद दाखवा ना! दुकानदाराचं "टेन्शन नॉट साहेब" हा कागद नव्हे. दुसरा युक्तिवाद त्याहून भारी: "आम्ही पाळतो म्हणून तर प्रजाती वाचते." ड्रॉइंगरूममधल्या पेटीतून किंबोझाला परत किती पाली गेल्या, तेवढं सांगा.

आपल्याकडे तर आता कायदाही स्पष्ट आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्या चौथ्या अनुसूचीतले, म्हणजे साइट्सच्या यादीतले, परदेशी प्राणी घरात असतील तर नोंदणी करावी लागते. ती करायला प्रजातीचं नाव लागतं. 'ब्लू' चालत नाही.

आणि हे सगळं दूर टांझानियातलं म्हणून सोडून देऊ नका. दर पावसाळ्यात आपण आंबोलीला धबधब्याखाली फोटो काढतो. २०१६ मध्ये तिथूनच निमास्पिस फ्लॅव्हिव्हेंट्रालिस या पिवळ्या पोटाच्या छोट्या पालीची विज्ञानात पहिल्यांदा नोंद झाली. सह्याद्रीतल्या अशा कितीतरी पाली एखाद्या डोंगरापुरत्याच आहेत. उद्या त्यांच्यातली एखादी 'यलो गेको' म्हणून विकायला आली, तर घेणारे आपल्यातलेच असतील.

तेव्हा पाल जरूर पाळा. पण दुकानात गेल्यावर किंमत विचारण्याआधी दोनच गोष्टी विचारा. हिचं पूर्ण नाव काय? आणि ही जन्मली कुठे? उत्तर देताना दुकानदार अडखळला, तर रिकाम्या हाताने घरी या. भिंतीवर एक फुकटची असेलच. केरसुणी तेवढी बाजूला ठेवा.