बक्षीस विमानाचे, सवाब कोणाचा?

चांगल्या कामासाठी पैसा उभा करायचा असला की आपल्याकडे हल्ली पहिला प्रश्न येतो तो बक्षिसाचा. सोडतीत काय ठेवायचे? कुणी मोटारसायकल म्हणतो, कुणी फ्रिज, कुणी उमराहचे तिकीट. यंदा आमच्या तालुक्यात मुलांच्या वसतिगृहासाठी निधी गोळा करण्याची बैठक झाली, तेव्हा एका तरुणाने थेट छोट्या विमानाचे नाव घेतले. लोक हसले, पण तो गंभीर होता. अमेरिकेत वैमानिकांची एओपीए ही संघटना सोडत काढून एका भाग्यवंताला विमान देते, दुबई विमानतळावरच्या ड्युटी फ्रीच्या सोडतीत दहा लाख डॉलर मिळतात, अबुधाबीत ‘बिग टिकट’ चालते, हे सगळे त्याने मोबाइलवर दाखवले. त्याचे म्हणणे असे की, बक्षीस इतके मोठे हवे की खिशातून शंभर रुपये काढताना माणसाने विचारच करू नये.

मला या शेवटच्या वाक्याबद्दलच लिहायचे आहे. कारण सदका म्हणजे विचार करून, नियत करून दिलेला पैसा. विचारच करू नये म्हणून बक्षीस मोठे करायचे असेल, तर आपण सदका मागत नसून सदक्याची जागा दुसऱ्या कशाला तरी देत आहोत.

आधी विमानाचा साधा हिशेब करू. समजा, जुने, दोन-चार माणसांचे विमान 50 लाखांत मिळाले. शंभर रुपयांचे तिकीट धरले तर पहिली 50 हजार तिकिटे नुसती विमानाच्या किमतीत जातील. 2011 च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 27 लाख 72 हजार होती. म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत दर पंचावन्न माणसांमागे एकाने तिकीट घेतले तरी वसतिगृहाच्या वाट्याला एक रुपयाही येत नाही. कुणी दानशूराने विमान फुकट दिले, तर ते विकून सगळे पैसे वसतिगृहाला देणे हाच सरळ रस्ता आहे. मग सोडत कशाला?

आणि जिंकणाऱ्याचे काय? आपल्या देशात सोडतीतल्या बक्षिसावर सरसकट 30 टक्के आयकर आणि वर उपकर लागतो. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर भरल्याची खात्री करूनच आयोजकाने ते हवाली करायचे असते. पुसद किंवा दिग्रसच्या एखाद्या हमालाला विमान लागले, तर विमान बघण्याआधी त्याने 15 लाखांहून अधिक रुपये आणायचे कुठून? पुढे नोंदणी, तपासणी, विमा, ठेवायला जागा. चालवायचे तर खासगी वैमानिकाचा परवाना हवा, त्यासाठी किमान 40 तासांचे उड्डाण. मुंबईच्या कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर स्वतः विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात का? 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते विमान साऱ्या देशाने पाहिले. तरी त्याची नोंदणी व्हायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला. व्यवसायाने वैमानिक असलेल्या माणसाची ही गोष्ट. हमालाच्या घरी असले बक्षीस म्हणजे संकटच.

विमान टोकाचे उदाहरण आहे, पण मोटारसायकलचा हिशेब काही वेगळा नाही. लाखाची गाडी, तीन लाखांची तिकिटे. लोकांनी ‘वसतिगृहासाठी’ म्हणून दिलेल्या पैशांतला तिसरा हिस्सा गाडीत गेला. तिकिटे कमी खपली तरी जाहीर केलेले बक्षीस द्यावेच लागते, मग तोटा कमिटीच्या अंगावर. शिवाय परवानगीशिवाय अशी लॉटरी चालवणे हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 294-अ होते, आता भारतीय न्याय संहितेचे कलम 297 आहे. काम नेक आहे म्हणून कायदा वेगळा होत नाही.

सार्वजनिक कामासाठी लॉटरी ही युक्तीही नवी नाही. कोलकात्याचा टाउन हॉल 1813 मध्ये लॉटरीच्या पैशातून उभा राहिला. मुंबईत आज जिथे एशियाटिक सोसायटी आहे, त्या टाउन हॉलसाठीही लॉटरीचा मार्ग धरला होता. पैसा पुरला नाही, काम रखडले, शेवटी मुंबई सरकारने उरलेला खर्च उचलला आणि 1833 मध्ये इमारत पुरी झाली. महाराष्ट्र राज्याची लॉटरी 1969 पासून आहे. ‘पैसा चांगल्या कामाला जातो’ हे या सगळ्यांचे समर्थन राहिले आहे.

आता दीनचा मुद्दा. ‘जुगार स्वतःसाठी खेळला तर हराम, गरिबांसाठी असेल तर काय हरकत?’ असे विचारणाऱ्यांनी कुरआनात ज्याला मैसिर म्हटले आहे ते नेमके काय होते, हे एकदा पाहावे. इस्लामपूर्व अरबस्तानात थंडीच्या टंचाईच्या दिवसांत लोक उंट कापत आणि दहा बाणांनी चिठ्ठ्या टाकत. सात बाणांवर हिस्से, तीन कोरे. कोरे बाण ज्यांच्या वाट्याला येत, त्यांच्यावर उंटाची किंमत पडे. तफसीरकार सांगतात की जिंकणारे ते मांस स्वतः खात नसत, गोरगरिबांना वाटून टाकत. जो या खेळात उतरत नसे त्याला कंजूष म्हणून हिणवत. म्हणजे मैसिर ही आपल्या भाषेत चॅरिटीची सोडतच होती! सूरह बकराच्या 219 व्या आयतीत शराब आणि जुगार यांत लोकांसाठी काही फायदे आहेत हे मान्य करूनच त्यांचा गुनाह फायद्यापेक्षा मोठा ठरवला आहे. पुढे सूरह माइदाच्या 90 आणि 91 व्या आयतींनी तो दरवाजा पुरता बंद केला. गरिबांचे पोट भरते ही सबब तेव्हाही होती. ती ऐकूनच मनाई झाली.

म्हणून उमराहचे तिकीट बक्षीस ठेवल्याने सोडत पाक होत नाही. आणि ‘दुबईत चालते’ हा दाखला तर देऊच नये. विमानतळावर काय विकले जाते यावरून दीन ठरत नसतो.

इथे एक फरक सांगायला हवा. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून तो रोज डोळ्यांसमोर असतो. मराठीत ‘सोडत’ हा एकच शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो. उर्दूत त्यांना दोन शब्द आहेत, कुरआ आणि किमार. कुरआ म्हणजे हक्कदार अनेक आणि जागा कमी असताना चिठ्ठी टाकणे. हजरत मरियमचा सांभाळ कोणी करावा यासाठी कलमे टाकली गेली, ते कुरआनातच आहे. सफरीला निघताना बरोबर कोणत्या पत्नीने यावे यासाठी हुजूर (सल्ल.) कुरआ टाकत, हे हदीसमध्ये आहे. हज कमिटीचा कुरआ, आरटीईच्या 25 टक्के जागांची सोडत, म्हाडाची घरे हे त्याच जातीचे. तिथे एकाचे नाव निघाले नाही म्हणून त्याच्या पैशांतून दुसऱ्याला हज किंवा घर मिळत नाही. किमारमध्ये मात्र हरणाऱ्यांच्या पैशावरच जिंकणारा उभा असतो. फरक चिठ्ठीत नाही, पैसा कोणाचा जातो यात आहे.

आणखी एक गैरसमज. काही जण तिकिटाचे पैसे जकातीत धरतात. जकातीचे आठ हक्कदार सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत सांगितले आहेत. बक्षिसाच्या आशेने घेतलेले तिकीट म्हणजे आपण स्वतःसाठी केलेली खरेदी. त्याने जकात कशी अदा होईल?

मला सर्वात जास्त खटकते ते कुपनबुक मुलांच्या हातात देणे. आठवी-नववीची पोरे दारोदार फिरून सांगतात, ‘काका, घ्या ना, गाडी लागेल.’ वसतिगृहाचे नावही घेत नाहीत, कारण गाडीच्या नावाने कुपन लवकर खपते हे त्यांना पहिल्या दिवशीच कळते. आणि घेणारे बहुतेक कोण असतात? हातगाडीवाला, पंक्चरवाला, बोंडअळीने गेलेल्या कपाशीचा हिशेब अजून न जुळलेला शेतकरी. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना गाडीचा मोह नसतो. म्हणजे बक्षिसाच्या जोरावर जमवलेला पैसा गरिबांकडूनच गोळा होतो.

बक्षिसाशिवाय कोण देणार, असे खजिनदार विचारतात. त्यांची अडचण खरी आहे. पण आपण आधी नीट मागून पाहिले आहे का? एका मुलाचा महिन्याचा जेवणाचा खर्च किती, पलंग-गादीचा किती, पुस्तकांचा किती, हे फलकावर लिहावे. कुणी एक महिना उचलेल, कुणी एक दिवस. दहा रुपये देणाऱ्यालाही पावती मिळावी. जुम्याला जमा-खर्च वाचून दाखवावा आणि मस्जिदीबाहेर लावावा. ज्याला नाव नको त्याचे नाव लिहू नये. हिशेब उघडा असला की हात सैल होतो.

आणि चिठ्ठ्यांचा डबा आणलाच असेल तर तो फेकू नका. वसतिगृहात जागा वीस आणि तितकेच गरजू अर्ज तीस आले, तर सगळ्यांसमोर त्यातून चिठ्ठ्या काढा. ओळखीच्या पोराला आत घेतले असे मग कुणी म्हणणार नाही.