फॉर्म भरला का?

गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका घरी गेले होते. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आई दोन-तीन घरची धुणीभांडी करते, वडील रोज सकाळी नाक्यावर उभे राहतात. मुलीच्या खात्यात शिष्यवृत्तीचे पैसे जमा झाले आणि त्याच आठवड्यात वाऱ्याने घराचे पत्रे उडाले. पैसे पत्र्यांना लागले. पुढे फी भरली नाही म्हणून कॉलेजात परीक्षेचा फॉर्म घेईनात. आई मला म्हणाली, "ताई, सरकारनं पोरीला बक्षीस दिलं, ते घराला लावलं तर आमचं काय चुकलं?"

बक्षीस! हा शब्द माझ्या मनातून जाईना. त्या माऊलीला दोष देणार नाही. डोक्यावर पाणी गळत असताना कोणीही तेच केले असते. पण हे पैसे बक्षीस नाहीत आणि दयेचे दानही नाहीत, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. एका राजाच्या मनाच्या मोठेपणाने एक विद्यार्थी शिकला. पण सगळ्या समाजाने किती राजांची वाट पाहायची? म्हणून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४२ साली, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले आणि उच्च शिक्षणासाठी केंद्राच्या तिजोरीतून वर्षाला तीन लाख रुपये मंजूर करून घेतले. केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. धर्मांतरानंतर आपण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीबाहेर पडलो. राज्याने महाराष्ट्रापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राचा कायदा दुरुस्त व्हायला १९९० साल उजाडले. मधल्या चौतीस वर्षांत किती मुले घरी बसली असतील, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आता व्यवहाराचे. २०२१ च्या नियमांप्रमाणे या खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि दोन्ही वाटे एकाच दिवशी येतील असे नाही. त्यात फी असते, ती कॉलेजची. उरतो तो निर्वाह भत्ता, तो मुलीचा. अभ्यासक्रम पाहून आणि ती वसतिगृहात राहते की घरी, ते पाहून हा भत्ता वर्षाला अडीच हजारांपासून साडेतेरा हजारांपर्यंत ठरवला आहे. बसचा पास, वह्या आणि झेरॉक्स यांतच तो संपतो. पत्र्यांना पुरणारा पैसा हा नव्हेच.

उत्पन्नाची अट त्या नियमांत वर्षाला अडीच लाखांची, म्हणजे महिन्याला एकवीस हजारांच्याही आत. नवरा-बायको दोघे कामाला जाणाऱ्या मुंबईच्या घराला ही अट जाचक आहे, हे माझे स्पष्ट मत. मात्र आकडा वर गेला म्हणून हात झाडून बसू नका. आपल्या राज्यात त्यापुढच्यांसाठी फ्रीशिप आहे, त्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळते. कॉलेजात नाव घेऊन विचारा.

पैसा उशिरा येतो, ही खरी दुखरी जागा. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आय.आय.टी.त जागा मिळाली होती. साडेसतरा हजार रुपये मुदतीत भरले गेले नाहीत आणि जागा गेली. ती परत मिळवायला पोराला सुप्रीम कोर्टापर्यंत जावे लागले. आपल्यातले किती जण दिल्ली गाठतील?

तेव्हा मातांनो, भगिनींनो, मुलांवर सोडू नका. उत्पन्नाचा दाखला कॉलेज सुरू होण्याआधीच तहसीलमधून काढून ठेवा. जून-जुलैत तिथली रांग पाहवत नाही. व्यावसायिक शिक्षण घ्यायचे असेल तर जात पडताळणीचा अर्ज वेळेत करा. बँकेचे खाते आधारला जोडले आहे का, ते बँकेत जाऊन विचारा. महाडीबीटीवर फॉर्म दरवर्षी भरावा लागतो. पहिल्या वर्षी भरला म्हणजे झाले असे नाही. सायबरवाल्याने भरून दिला तरी पावती घरी आणा, ट्रंकेत ठेवा. आणि फॉर्म कॉलेजातून पुढे गेला की तिथेच अडकला, याची चौकशी महिन्याला एकदा तरी करा. जेवताना "अभ्यास झाला का?" विचारता, तसेच "फॉर्म भरला का?" हेही विचारा.

त्या मुलीच्या वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली, कॉलेजने दोन हप्ते करून दिले, परीक्षा झाली. परवा विहारात आई भेटली. जयभीम झाला आणि मी काही बोलायच्या आत तिनेच विचारले, "ताई, केंद्राचा वाटा आला, राज्याचा कधी येतो?"