चिठ्ठ्यांवरून आवड ओळखा!



आमच्या चौथीच्या वर्गात एक खेळ चालतो. वाचनपेटीतलं पुस्तक वाचून झालं, की सुचतील ते शब्द चिठ्ठीवर लिहून आत ठेवायचे. वर्गातला एक मुलगा माझ्या लेखी 'क्रिकेटवाला'. त्याला मी तसलीच पुस्तकं द्यायची. परवा त्याचे शब्द मोजले. 'षटकार', 'फलंदाज' असे सात आणि 'आंबा', 'रोप', 'कलम' असे पाच! विचारलं तर म्हणाला, "बाई, मी आजोबांबरोबर कलमं बांधतो. तुम्ही कधी विचारलंच नाही!" मी अगदी ओशाळले.

संगणकाचीही अशीच फसगत होते बरं का! इंटरनेटवर २००३ साली 'डिलिशस' नावाची सोय सुरू झाली. आवडलेल्या पानाचा पत्ता तिथे साठवायचा आणि त्याला आपल्या मनाचे शब्द जोडायचे. या शब्दांना म्हणतात 'टॅग'. २००४ साली आलेल्या 'फ्लिकर'वर लोक छायाचित्रांना टॅग जोडू लागले. 'डिलिशस' पुढे बंद पडलं, पण टॅग टिकले.

या टॅगांवरून माणसाची आवड कशी ओळखायची? नुसते शब्द मोजले, तर क्रिकेट पुढे आणि बिचारा आंबा मागे! म्हणून संगणक आणखी एक गोष्ट बघतो. कोणते शब्द एकाच पानावर वारंवार सोबत येतात? त्या सोबत्यांचं एक गाठोडं बांधायचं. एक गाठोडं म्हणजे एक आवड. नवीन काही सुचवताना प्रत्येक गाठोड्यातून थोडं थोडं घ्यायचं.

सोबत्यांवरून अर्थही कळतो. 'कलम'शेजारी 'आंबा' असेल तर ते झाडाचं, 'कायदा' असेल तर कायद्याचं. आणि 'छान' हा शब्द? तो तर सगळेच सगळ्याला जोडतात! मग त्यावरून काय कळणार? त्याला वजन कमी.

पण जे चिठ्ठीवर आलंच नाही, ते संगणकाला कुठून कळणार? ते माणसाने माणसाला विचारावं लागतं. पालकांनो, "आमचा बंड्या गणितातच हुशार" असं म्हणण्याआधी त्यालाही एकदा विचारा हं!

करून पाहा : आठवडाभर जे जे आवडेल, त्या प्रत्येकासाठी तीन शब्द वहीत लिहा. रविवारी त्यांची गाठोडी बांधा. किती झाली? आई-बाबांनाही त्यांची बांधायला सांगा.

– तुमच्या बाई