भाईजानची सायकल: पाठ टेकून की ताठ बसून?



गेल्या महिन्यात आमच्या दस्तरखानावर वाद रंगला. भाईजान आता बावन्न वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कंबरेतली चकती सरकली, तेव्हापासून सायकल गॅलरीत उभी आहे. पण नालासोपाऱ्याहून दापोलीजवळच्या आमच्या गावापर्यंत एकदा तरी सायकलने जायचं, ही त्यांची जुनी हौस. भाच्याने मोबाईलवर एक सायकल दाखवली. आरामखुर्चीसारखी सीट, पाय पुढे पसरलेले, पायडल पुढच्या चाकाजवळ. “अब्बू, हिला रिकंबंट म्हणतात. कंबर दुखणारच नाही!” भाभी म्हणाल्या, “हॉस्पिटलचे दिवस मी अजून विसरले नाही.” शेवटी भाचा माझ्याकडे वळला. “फूफी, तुम्ही विज्ञान शिकवता, तुम्हीच सांगा.”

सांगण्याआधी मी चार दिवस वाचलं. ही सायकल म्हणजे नुसतं खूळ नाही. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फॉर नावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूने अशाच सायकलवर एका तासात ४५ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर कापलं आणि १९१४ पासून टिकलेला विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने अशा सायकली शर्यतींतून बाद केल्या. म्हणजे वेगात ती कमी पडली म्हणून मागे राहिली असं नाही.

तिचा वेग येतो वाऱ्यामुळे. आडवं बसलेलं अंग वाऱ्याला कमी अडतं. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो, हे आपण शाळेत शिकवतो. पण भाईजान सामान लादून ताशी चौदा-पंधराने जाणार. त्या वेगात हा फायदा थोडाच. दुसरा फायदा मात्र खरा आहे. वजन सीट आणि पाठ मिळून घेतात, त्यामुळे मनगटं बधिर होत नाहीत, मान आखडत नाही, बैठक सोलत नाही.

आता कोकणाचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. खाडी आली की उतार, खाडी संपली की चढ. साध्या सायकलवर चढाला सीटवरून उठून अंगाचा भार पायडलवर टाकता येतो. रिकंबंटवर तसं उठताच येत नाही, सगळा जोर पायांचा आणि बारीक गिअरचा. वेग अगदी कमी झाला की तोलही डळमळतो. आगरदांडा-दिघी किंवा वेश्वी-बागमांडल्याच्या फेरीबोटीत ती चढवता येईल, पण लांबलचक सायकल एकट्याने उचलणं कठीण. अनेक रिकंबंटची दोन चाकं वेगवेगळ्या मापाची असतात, चेन साध्या सायकलच्या दुप्पट-तिप्पट लांब. गावातल्या पंक्चरवाल्याकडे ते टायर कुठून मिळणार? शिवाय हायवेवर ट्रकवाल्याच्या नजरेला इतक्या खाली बसलेला माणूस चटकन दिसत नाही. झेंडा लावावा लागतो.

आणि साध्या सायकलने लांब जाता येत नाही असं थोडंच आहे? १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा जगाची फेरी पुरी करून १९२८ मध्ये परतले.

मग रिकंबंट कुणी घ्यावी? ज्यांना साध्या सीटवर बसणंच शक्य नाही, रस्ता सपाट आहे आणि दुरुस्ती स्वतःला जमते, त्यांनी जरूर घ्यावी. तोल सांभाळता येत नसेल त्यांच्यासाठी तीनचाकीही असते. पण कंबरेच्या दुखण्याला ती औषध आहे असं समजू नये. मागे रेलून बसणं एखाद्याला मानवतं, एखाद्याची तीच नस दाबली जाते. हे दुकानदार नाही, डॉक्टरच सांगेल.

मी भाईजानना म्हटलं, “आधी डॉक्टरांना विचारा. त्यांनी हो म्हटलं तर ही जुनी सायकलच तुमच्या अंगाला जुळवून घेऊ.” डॉक्टरांनी तपासलं, रोजचे व्यायाम दिले आणि थोडं थोडं चालवायला परवानगी दिली. मग हँडल सीटपेक्षा उंच केलं, म्हणजे वाकावं लागत नाही. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट ठेवली. पाठीवरची बॅग उतरवून कॅरियरवर बांधली.

मागच्या रविवारी फजरनंतर बापलेक निर्मळमार्गे अर्नाळ्याला जाऊन आले. दारातच भाभींनी विचारलं, “कंबर?” भाईजान म्हणाले, “कंबर ठीक आहे, मनगटं बोलतायत.” भाचा लगेच म्हणाला, “बघा, रिकंबंटवर मनगटं दुखली नसती!” त्याचं म्हणणं खरं आहे, मी ते मान्य केलं. हँडल अजून बोटभर वर घेतलं आणि मुठींवर जाड कव्हर चढवलं.

पुढच्या रविवारी वसईचा किल्ला. महिन्याभरात कंबर गप्प राहिली, तर पावसाळ्यानंतर दापोली, इन्शाअल्लाह. भाभींची एक अट आहे. वाटेत दुखलं तर हट्ट करायचा नाही, सायकल टेम्पोत टाकायची आणि एसटीने पुढे जायचं. भाईजाननी ती मान्य केली आहे. भाच्याने मात्र मला वेगळं बोलावून विचारलं, “फूफी, ते खरंच थांबतील?” म्हणून सायकलवर त्याने त्यांच्या मागेच राहायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे.